गट-समुपदेशन घ्यायला शिकायचं कसं?

सायली_क

नमस्कार मंडळी,

मी समुपदेशक आहे. आजवरचं सगळं काम एकास-एक. आता संस्थेत जवळचं माणूस गमावलेल्यांसाठी एक गट सुरू होतोय आणि तो मी घ्यावा असं वरून ठरलंय. आठ जण, आठवड्यातून एकदा, दीड तास, एकूण बारा बैठका. सुरू व्हायला अजून अवकाश आहे, म्हणून आत्ताच चौकशीला लागलेय.

एका ज्येष्ठ ताईंच्या गटात, सगळ्यांच्या संमतीने, निरीक्षक म्हणून बसायला मिळालं. पण त्या नेमकं काय करतात तेच कळेना. दीड तासात जेमतेम दहा-बारा वाक्यं बोलल्या असतील, त्यातली दोन तर नुसती "हं" होती. तरी माणसं उठताना बरीच मोकळी दिसत होती.

माझं आत्ताचं मत असं, पटलं नाही तर खुशाल झोडपा: एकास-एक नीट येत असेल तर गटही जमायला हवा. कौशल्यं तीच, फक्त माणसं जास्त. ज्यांनी गट घेतलेत त्यांना विचारायचंय, यासाठी वेगळा कोर्स लागतो की कोणाच्या हाताखाली बसून येतं? आधी स्वतः एखाद्या गटात सदस्य म्हणून बसायलाच हवं का? आणि सगळ्यात जास्त धास्ती याची, की सगळेच गप्प बसले तर?

खोडरबर

मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे, तेवढा अनुभव पुरेल का? गप्प बसण्याची अडचण तिथे कधीच आली नाही.

(थट्टा सोडा, विषय चांगला आहे. वाचतोय.)

मीनाक्षी_ज

सायली, झोडपत नाही, पण "फक्त माणसं जास्त" हे काही खरं नाही.

माझ्याकडे सुपरव्हिजनला, म्हणजे आपलं काम अनुभवी माणसाला दाखवून सल्ला घ्यायला, येणाऱ्या नव्या लोकांचं हमखास काय होतं ते सांगते. गटातला एक जण बोलायला लागतो. फॅसिलिटेटर, म्हणजे गट घेणारा, त्याच्याकडे वळतो, ऐकतो, भावना नेमक्या शब्दांत परत मांडतो, पुढचा प्रश्न विचारतो. एकास-एक म्हणून बघितलं तर उत्तम काम. वीस मिनिटं असंच चालतं आणि बाकीचे सात जण प्रेक्षक होतात. मग पुढच्याची पाळी. म्हणजे आठ माणसांचं रांगेत केलेलं समुपदेशन, इतरांच्या देखत.

गटात खरा फरक पडतो तो सदस्य एकमेकांशी बोलतात त्याने. ते घडू द्यायचं, अडलं तर वाट मोकळी करायची आणि कोणाला इजा होत असेल तिथे आडवं यायचं, हे तुझं काम.

एक अगदी साधी गोष्ट, जी उद्यापासून सराव करता येईल: नजर. बोलणारा सवयीने फॅसिलिटेटरकडे बघूनच बोलतो. तूही त्याच्यावर नजर खिळवून बसलीस की तुमच्या दोघांचं संभाषण सुरू झालंच म्हणून समज. त्याऐवजी नजर सावकाश इतरांवरून फिरव. थोड्या वेळाने त्याला तुझे डोळे सापडेनासे होतात आणि तो आपसूक दुसऱ्या कोणाकडे बघून बोलायला लागतो. सुरुवातीला हे उद्धटपणाचं वाटतं, म्हणून पहिल्याच बैठकीत सांगून टाकायचं: "कोणी बोलत असताना मी बाकीच्यांकडेही बघेन, माझं लक्ष उडालंय असं समजू नका."

आणि त्या फिरत्या नजरेला बरंच काही दिसतं. कोणाची मान हलली, कोणी हाताची घडी घट्ट केली, कोणी खिडकीबाहेर बघायला लागलं. तुझं पुढचं वाक्य तिथूनच मिळतं. "मघाशी तुमची मान हलली, तुमच्याकडेही असंच काही झालं का?" झाली दोन माणसं जोडून.

त्या ताईंची दहा-बारा वाक्यं आठवत असतील तर लिहून काढ. आणि प्रत्येक वाक्यानंतर कोण कोणाशी बोललं तेही लिही.

सायली_क

मीनाक्षीताई, वहीत काही टिपलीत! एक असं आहे: "हे तुम्ही मला सांगताय, पण मला वाटतं ते समोरच्या दादांना सांगायचंय तुम्हाला." त्यानंतर ताई बराच वेळ बोलल्याच नाहीत, ते दोघंच बोलत होते. मी शेजारी लिहिलंय, "ताई दमल्यात का?"

खोडरबर

=)) हे समासात लिहिलेलं वाक्य फ्रेम करून लावा.

तिरकस_रेघ

एक काडी टाकतो. समुपदेशक कमी, माणसं जास्त, म्हणून आठ जणांना एका खोलीत बसवायचं आणि त्याला छान नाव द्यायचं. ज्याला खरंच मदत हवी आहे त्याला दीड तासात वाट्याला येणार किती, तर अकरा मिनिटं. हा काटकसरीचा मार्ग आहे, निदान तसं मान्य तरी करा.

पानवेल

तिरकसराव, सुरुवात काटकसरीतूनच झाली, हे बिनशर्त मान्य. जोसेफ प्रॅट नावाचे डॉक्टर होते बॉस्टनला. १९०५ मध्ये त्यांनी ज्यांना सॅनेटोरियम परवडत नाही अशा क्षयरोग्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलवायला सुरुवात केली. विश्रांती किती घ्यायची, मोकळ्या हवेत कसं राहायचं, रोजची नोंद कशी ठेवायची हे प्रत्येकाला वेगळं समजावण्यात वेळ जाई, म्हणून वर्गच भरवला. पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या थरांतली, वेगवेगळ्या धर्मांची ही माणसं एकाच आजाराच्या धाग्याने बांधली गेलीत आणि एकमेकांना उभारी देताहेत. वर्ग भरवताना हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

आता अकरा मिनिटांचा हिशोब. तो धरतो की माणूस स्वतः बोलतो तेवढ्याच वेळात त्याला काही मिळतं. अर्विन यालम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९७० च्या ग्रंथात, गटात माणूस कशाने सावरतो याचे घटक मांडले. त्यातले दोन बघा. "हे माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही" हे कळणं, आणि आपण दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकतो हे कळणं. दुसरा तर एकास-एक मध्ये मिळणंच कठीण. समुपदेशकाला कोण कशाला उपयोगी पडेल?

आणि परिणामाचं म्हणाल तर २०१६ मध्ये ६७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, वैयक्तिक आणि गटातले उपचार समोरासमोर ठेवून. सरासरीत दोघांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही.

तिरकस_रेघ

६७ चं वजन मान्य. पण त्या अभ्यासांतले गट घेणारे शिकूनसवरून बसलेले असणार ना? सायलीताईंना तर "वरून ठरलंय". माझी शंका तिथे आहे.

मीनाक्षी_ज

ही शंका मात्र सोळा आणे खरी आहे. संस्थांमध्ये हे सर्रास होतं. "तुम्ही चांगलं बोलता, तुम्ही गट घ्या." चांगलं बोलणाऱ्याला तर गट जास्तच जड जातो.

वाटसरू_तीन

सदस्य म्हणून बसायला हवं का, या प्रश्नाला माझं उत्तर: हो, बसाच. अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, सीएसीआरईपीने, विद्यार्थ्याने किमान १० तास एखाद्या छोट्या गटात सदस्य म्हणून घालवावेत अशी अटच घातली आहे. दहा तास म्हणजे काहीच नाही, पण अट आहे हे महत्त्वाचं.

मी शिकताना बसलो होतो तेव्हाची गोष्ट. मी काहीतरी सांगत होतो, माझ्या दृष्टीने फार मोलाचं. फॅसिलिटेटर मध्येच म्हणाले, "थांबवतो जरा. तुम्ही हे सांगताय तेव्हा पलीकडच्या ताई अस्वस्थ झाल्यासारख्या दिसतात." असा संताप आला! पुढच्या बैठकीपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. नंतर गटातच ते बोललो, तेव्हा त्या ताईंकडून कळलं की माझं सांगणं तपशिलांत इतकं शिरलं होतं की त्यांना आत यायला जागाच राहिली नव्हती. मध्ये तोडल्यावर माणसाच्या आत काय होतं, ते मला खुर्चीच्या त्या बाजूने कळलं. आज कोणाला थांबवताना मी आधी नाव घेतो, मग कशासाठी थांबवतोय ते सांगतो, आणि बैठक संपायच्या आत त्याच्याकडे परत येतो. हे तिसरं बहुतेक जण विसरतात.

डोळस

वाटसरू, अट कागदावर छान आहे. पण प्रत्यक्षात वर्गातल्याच दहा मुलांचा गट करतात आणि जे सर तो घेतात तेच वर्षाअखेर गुण देतात. अशा ठिकाणी कोण मन मोकळं करणार? मी बघितलेल्या गटात प्रत्येक जण "बऱ्यापैकी हळवी पण धोका नसलेली" एकेक गोष्ट घरून तयार करून आणायचा. आणि ज्या मुलीने खरंखुरं सांगितलं, तिला पुढची दोन वर्षं त्याच मुलांबरोबर बाकावर बसायचं होतं.

वाटसरू_तीन

डोळस, हे बरोबर आहे. गट घेणारा आणि गुण देणारा एक नसावा, आणि किती उघडं व्हायचं हे सदस्याच्या हातात असावं. एवढं नसेल तर त्या १० तासांत माणूस फक्त अभिनय शिकेल.

खोडरबर

"बऱ्यापैकी हळवी पण धोका नसलेली गोष्ट" म्हणजे नोकरीच्या मुलाखतीत "तुमचा दोष कोणता" विचारल्यावर "मी फार परिपूर्णतावादी आहे" सांगतात तसं.

मोकळा_श्वास

इथे सगळे फार जपून बोलताहेत. मी एका दोन दिवसांच्या निवासी गटात गेलो होतो. पहिल्या दुपारीच फॅसिलिटेटरने एकेकाला मध्ये उभं करून खरं ते बोलायला लावलं. माणसं ओक्साबोक्शी रडली, ओरडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. असा जिवंतपणा मी आयुष्यात बघितला नाही. नजर फिरवणं आणि "हं" म्हणणं यात अर्धं आयुष्य जाईल. धाडस नसेल तर गट घेऊ नये.

मीनाक्षी_ज

मोकळा_श्वास, तुम्हाला त्यातून मिळालं असेल, मी नाकारत नाही. पण याचा शोध घेऊन झालाय. साठच्या दशकाच्या शेवटी अशा गटांची लाट आली तेव्हा लीबरमन, यालम आणि माइल्स या तिघा संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे वेगवेगळ्या पंथांचे, म्हणजे गट घेण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींचे, गट अभ्यासले. निष्कर्ष १९७३ मध्ये आले. फॅसिलिटेटर कुठल्या पंथाचा यापेक्षा तो प्रत्यक्ष वागतो कसा, यावर बरंच काही ठरत होतं. त्यांनी त्याच्या वागण्याचे चार भाग पाडले: भावना चेतवणं, जिव्हाळा, घडतंय त्याचा अर्थ लावून देणं, आणि नियम-वेळ-थांबवणं ही व्यवस्था. जिव्हाळा आणि अर्थ लावणं जितकं जास्त तितकं बरं निघालं. चेतवणं आणि व्यवस्था मात्र मध्यम हवी. अगदी कमीही वाईट, फार जास्तही वाईट.

आणि इजा झालेले सदस्य कुठे जास्त होते? अंगावर येणाऱ्या, दिपवून टाकणाऱ्या, "आत्ताच्या आत्ता उघडा हो" म्हणणाऱ्या फॅसिलिटेटरांच्या गटांत. गळ्यात पडलेली माणसं तुम्हाला दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता बॅग उचलून गेलेलं कोणी होतं का, ते आठवून बघा.

मोकळा_श्वास

होते एक जण. घरी काम निघालं असं सांगण्यात आलं होतं.

कोपऱ्यातला

मी समुपदेशक वगैरे नाही. भावाच्या जाण्यानंतर अशा एका गटात सदस्य होतो, म्हणून खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

मी बरेच आठवडे तोंड उघडलं नाही. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की आपली पाळी आली आणि बोलायचं नसेल तर नुसतं "पुढे" म्हणा, कारण द्यायची गरज नाही. त्या एका शब्दाच्या भरवशावर मी येत राहिलो. प्रत्येक वेळी "तुम्हाला काय वाटतं?" म्हणून माझ्याकडे बोट केलं असतं तर चौथ्यांदा आलो नसतो.

दुसरी गोष्ट टिश्यूच्या खोक्याची. एक बाई बोलता बोलता रडायला लागल्या. शेजारच्या काकूंनी झटकन खोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पाठीवर थोपटायला लागल्या. बाईंनी डोळे पुसले, "सॉरी हं" म्हणाल्या आणि विषयच बदलला. काकूंचा हेतू वाईट नव्हता. पण आवर आता, असा निरोप पोचला. पुढच्या वेळी खोकं मधल्या मोकळ्या जागेत जमिनीवर होतं. फॅसिलिटेटर म्हणाल्या, "ज्याला हवं त्याने उठून घ्या, आपण कोणाच्या हातात द्यायचं नाही." मला तेव्हा जरा कठोर वाटलं होतं. नंतर रडणारी माणसं रडतच बोलायची, आणि बोलणं पुरं व्हायचं.

मुक्ता_मुक्त

कोपऱ्यातला, लिहिलंत ते बरं केलंत. हा प्रतिसाद जपून ठेवला.

धीमी_आच

शांततेच्या धास्तीबद्दल कोणी नीट उत्तर दिलेलं नाही. सगळी शांतता एकसारखी नसते, सायली. पहिल्या बैठकीतली शांतता भीतीची असते, कारण काय करायचं तेच कोणाला माहीत नसतं. ती ताणत बसू नये. तिथे फॅसिलिटेटरने बोलावं, रचना द्यावी, दोघादोघांत पाच मिनिटं बोलायला लावावं. कोणी फार जड काही सांगितल्यानंतरची शांतता वेगळी. ती माणसं पचवत असतात, तिथे तुझं वाक्य म्हणजे व्यत्यय. आणि तिसरी रुसलेली, रागाची. माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, घड्याळाकडे बघतात. तिचं नाव घ्यावं: "मागच्या वेळी इथे काहीतरी खटकलं आणि आपण ते बोलत नाही आहोत असं मला वाटतंय."

कुठली कोणती ते ओळखायला शिकणं म्हणजेच बरंचसं शिकणं. सरावासाठी एक युक्ती: शांतता पडली की तोंड उघडायच्या आधी तीन सावकाश श्वास घ्यायचे. बहुतेक वेळा दुसऱ्या श्वासाला कोणीतरी बोलतं.

पंचपायरी

प्रत्येक गट पाच पायऱ्यांतून जातो: जमणं, खटके, नियम बसणं, काम, निरोप. कितव्या बैठकीला कोणती पायरी ते आखून ठेवलं की घाबरायला होत नाही. माझ्याकडे तक्ता आहे, हवा असल्यास देतो.

पानवेल

पंचपायरी, तक्ता देऊ नका. :) ब्रूस टकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये त्यातल्या पहिल्या चार पायऱ्या मांडल्या त्या सुमारे ५० प्रसिद्ध लेखांचा आढावा घेऊन. पाचवी, निरोपाची, १९७७ मध्ये जोडली. त्यांनी बैठकांचं वेळापत्रक कधीच दिलं नाही. गट पुढे जातो, मागे येतो. एक नवा सदस्य आला की पुन्हा "जमणं" सुरू. म्हणूनच बारा बैठकांच्या गटात मध्येच नवं माणूस घ्यायचं नाही, हे आधीच ठरवलेलं बरं.

पण खटक्यांची पायरी सायलीताईंनी लक्षात ठेवावी. तिसऱ्या-चौथ्या बैठकीच्या सुमाराला कोणीतरी म्हणेल, "तुम्ही तर काही बोलतच नाही, मग आम्ही येतो कशाला?" तेव्हा खुलासे देऊ नका. ज्या गटात फॅसिलिटेटरवर राग काढता येतो आणि तरी कोणाचं काही बिघडत नाही, तिथे सदस्य एकमेकांशीही खरं बोलू लागतात.

तिरकस_रेघ

निरीक्षण नोंदवतो. या धाग्यावर जो तो मीनाक्षीताईंकडे बघून लिहितोय. यालाच रांगेतलं समुपदेशन म्हणायचं ना?

मीनाक्षी_ज

हं.

खोडरबर

बघा, दमल्या.

पानवेल

अवांतर, पण तिरकसरावांवरून आठवलं. १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ एक कार्यशाळा घेत होते. दिवसभर गट चालायचे, संध्याकाळी संशोधक आपापसांत बसून कोण कसं वागलं याची टिपणं वाचायचे. एका संध्याकाळी काही सदस्य आले आणि बसू का म्हणाले. लेविननी बसू दिलं. टिपणात एका बाईंच्या वागण्याचं वर्णन आलं, तशी त्या म्हणाल्या, "नाही, असं झालंच नव्हतं." वाद जुंपला. पुढच्या संध्याकाळी जवळजवळ सगळे हजर. कार्यशाळेतला सगळ्यात जिवंत भाग तोच ठरला, आणि पुढे प्रशिक्षण-गटांची पद्धत त्यातून निघाली. गटात काय झालं ते गटातच, गटाबरोबर बोलायचं, याचं मूळ तिथे आहे.

मुक्ता_मुक्त

सायली, तुझा गट दुःखाचा आहे म्हणून एक गोष्ट. असे गट मी घेते. कोणाला घ्यायचं हे गट सुरू होण्याआधी ठरतं आणि अर्धं यश तिथेच असतं. प्रत्येकाला आधी एकट्याने भेट. गेल्या महिन्यात माणूस गमावलेला आणि दहा वर्षं तेच उराशी घेऊन फिरणारा एका वर्तुळात बसवलेस की नव्याला वाटतं, "मी असाच राहणार का?" आत्महत्येने माणूस गमावलेल्यांचं दुःख वेगळ्या प्रश्नांनी पोखरलेलं असतं, त्यांचा वेगळा गट शक्य असेल तर करावा, आणि निदान एकटा असा कोणी राहू देऊ नये. जो स्वतःच आत्ता जीव द्यायच्या विचारात आहे त्याला आधी वैयक्तिक मदत, गट नंतर.

या गटांतला सगळ्यात अवघड क्षण म्हणजे दुःखाची तुलना. "तुमचे वडील निदान ऐंशीचे होते. माझा मुलगा बावीसचा होता." खोली गोठते. ऐंशीच्या वडिलांची मुलगी पुढचे दोन आठवडे तोंड उघडत नाही. इथे पंच होऊ नकोस आणि "प्रत्येकाचं दुःख सारखंच" असंही म्हणू नकोस, कोणालाच ते पटत नाही. मी साधारण असं म्हणते: "बावीस वर्षांचा मुलगा जाणं काय असतं ते तुम्ही सांगताय. आणि मला हेही कळतंय की हे ऐकून ताईंना आपलं दुःख लहान करावंसं वाटलं असेल. ताई, तसं झालं का?" मग त्या दोघींना बोलू द्यायचं.

आणि गुप्ततेचं स्पष्ट सांग. "माझ्या तोंडाची हमी मी देते, बाकी सातांची मला देता येणार नाही, ती तुम्ही एकमेकांना द्यायची." कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, हेही त्याच दिवशी.

डोळस

सह-फॅसिलिटेटर मिळत असेल तर घ्या. शेजारी शेजारी बसू नका, समोरासमोर बसा. एकमेकांचे चेहरे दिसतात आणि तुमच्या बाजूला बसलेले सदस्य त्याला दिसतात. बैठकीआधी आणि नंतर पंधरा मिनिटं दोघांनी बोलायचंच, भले कितीही उशीर होवो. दोघांचं आपसात बिनसलं तर गटाला सगळ्यात आधी कळतं.

वाटसरू_तीन

ऑनलाइन गट घेणाऱ्यांसाठी छोटी सूचना: "आता पुढचे बोला" म्हणू नका. प्रत्येकाच्या पडद्यावर चौकोनांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे पुढचे म्हणजे कोण यावर तीन माणसं एकदम बोलतात आणि मग तिघंही गप्प. नाव घ्या, किंवा बोलणाऱ्यालाच पुढचं नाव घ्यायला सांगा. दुसरा प्रकार बरा, त्यात माणसं एकमेकांची नावं पटकन शिकतात.

तिरकस_रेघ

सगळं छान, पण मूळ प्रश्न राहिलाच. कोर्स की अनुभव?

मीनाक्षी_ज

दोन्ही, पण क्रमाने. एखादा चांगला छोटा कोर्स कर, ज्यात निदान निम्मा वेळ प्रत्यक्ष गटात बसायचं असेल. नुसतं सादरीकरण दाखवणारा नको. फिशबोल पद्धत वापरणारा मिळाला तर उत्तम: आत छोटं वर्तुळ गट चालवतं, बाहेरचं वर्तुळ बघतं, मग जागा बदलतात. त्यानंतर त्याच ताईंबरोबर एखादा गट सह-फॅसिलिटेटर म्हणून. आणि तुझा स्वतःचा गट सुरू झाला की दर आठवड्याला सुपरव्हिजन, शक्यतो तेही इतर समुपदेशकांबरोबर गटातच. सदस्यांच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रण कर आणि ऐकताना एकच गोष्ट मोज: तुझ्या वाक्यानंतर सदस्य तुला उत्तर देतो की दुसऱ्या सदस्याला. महिनाभरात तो आकडा हलला नाही तर काय बदलायचं ते मुद्रणातच सापडेल.

संस्थेला हेही सांग की याआधी पहिला गट एकटीने घेणार नाही. सांगता येतं, फक्त आत्ताच सांगावं लागतं.

सायली_क

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं "माणसं जास्त" वालं मत मागे घेतलं आहे. आज ताईंना फोन केला, त्या सह-फॅसिलिटेटर म्हणून घ्यायला तयार आहेत. संस्थेशी उद्या बोलते.

एक शेवटचं. ताईंच्या गटात दीड तास संपायला पाच मिनिटं राहिली होती आणि एक दादा पहिल्यांदाच म्हणाले, "शेवटचा फोन मी उचलला नव्हता." ताईंनी वेळ वाढवला नाही. मला ते फार टोचलं. वाढवायला नको होता का?

धीमी_आच

नको. पाच मिनिटं उरलीत हे त्यांना घड्याळात दिसत होतं, तेवढ्याच वेळेपुरतं ते बोलू शकत होते. वेळ वाढवली असती तर त्यांची ती पळवाट गेली असती आणि पुढच्या वेळी बाकीच्यांनीही शेवटच्या पाच मिनिटांचीच वाट बघितली असती. ताई नेमकं काय म्हणाल्या?

सायली_क

"हे तुम्ही आज इथे ठेवलंत. पुढच्या वेळी सुरुवात यापासून करायची का, ते तुम्ही ठरवा." आणि मग शेजारच्यांना विचारलं, "हे ऐकून कोणी आज घरी जाताना यांच्याबरोबर दारापर्यंत चालाल का?" दोघं गेले.

मुक्ता_मुक्त

आणि पुढच्या वेळी?

सायली_क

ते मला माहीत नाही, मी एकाच बैठकीला होते. सोमवारी ताईंना भेटतेय, परवानगी असेल तेवढंच विचारेन.